दरवाज्यापाशी राहिलेलं मत

माणसानं माफ करावं म्हणतात. करावं बापा, ज्याला करायचं त्यानं. मला ते जमलं न्हाई आन् खरं सांगायचं तर मी जमवायलाही गेले न्हाई. आमची आई म्हणायची, ही पोरगी रागाची न्हाई, डूख धरणारी हाय. राग येतो आन् जातो. डूख मात्र आपण सांभाळायचा असतो, घरातल्या इस्तवासारखा, रोज थोडी राख सारून बघायचं. मी तेच केलं.

आमचं गाव चकलांब्याच्या अंगाला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस आला न्हाई, तवाची गोष्ट. विहिरी आटल्या, टँकरवर भांडणं सुरू झाली, आन् गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी काढली. छावणीत आपली जनावरं नेऊन बांधायची, तिथं त्यांना ऊस, पेंड, पाणी मिळायचं. पैसा सरकारचा, पण कोण आत आन् कोण बाहेर हे ठरवणारा संस्थेचा चेअरमन.

माझ्याकडं एक तांबडी गाय होती, माहेरनं दिलेली, गाभण. घरातला कडबा संपला तवा मी तिला घेऊन छावणीत गेले. चेअरमन पत्र्याखाली खुर्ची टाकून बसलेला. मला बघून म्हणला, "जागा न्हाई."

म्हणलं, "साब, ते एवढे खुंटे मोकळे दिसत्यात की."

"त्यांची जनावरं यायची हायत," असं म्हणून त्यानं पान लावलं. मग इचारलं, "तुमच्या भावकीनं मागच्या टायमाला कुणाला मतं दिली वो?"

मी हात जोडले. या हातांनी. म्हणलं, आत घेऊ नका, एक बादली पाणी तरी पाजू द्या, गाभण हाय. तर म्हणतो, पाणी मोजून येतं. ज्या खुंट्यांची जनावरं यायची होती ती कदी आलीच न्हाईत, कावून की ती जन्मलीच न्हवती, नुसती कागदावर चारा खात होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

परत जाताना गाय रस्त्यात बसली ती उठंना. एका मोटरसायकलवाल्याचा फोन मागून घेतला. छावणीच्या फलकावर चेअरमनचा नंबर हाताएवढ्या अक्षरात रंगवलेला, तो लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजली. किती डाव लावला कुणास ठाऊक, नंबर मात्र तोंडपाठ झाला. गाय तिथंच मेली, पोटातल्या वासरासकट. मी रडले न्हाई. मला एवढा राग आलता की रडू कुठून येणार? एवढंच म्हणलं, मुडदा बशिवला तुझा, हे मी फेडून घेईन.

आता बाईमाणसानं चेअरमनचं उट्टं काढायचं म्हणजे कसं? शेत त्याचं, माणसं त्याची, पोलीसपाटील त्याचा. पण संधी त्यानंच आणून दिली. पुढच्या साली संस्थेची निवडणूक लागली. बायकांसाठी राखीव जागा होती, आन् आमच्या भावकीची मतं त्याला पाहिजे होती. तवा हा गृहस्थ आमच्या ओट्यावर येऊन बसला आन् मला म्हणला, "वैनी, तुमाला उभं करायचं ठरलंय." गरज पडली की वैनी!

आमचे मालक लगेच हो म्हणले. मालक माणूस चांगला, पण मोठ्या माणसासमोर त्यांची मान आपोआप हलते. मीही हो म्हणलं. त्या दिवशी चेअरमनच्या चहात साखर जरा जास्तच घातली. तो म्हणला, वैनी चहा झकास.

मी निवडून आले. निवडून आले म्हणजे, हार मालकांच्या गळ्यात पडला. त्या दिवसापासून सगळं गाव त्यांना 'संचालक' म्हणाय लागलं आन् तेही वळून बघाय लागले. मला कुणी काई म्हणत न्हवतं. मला ते चालत होतं, कावून की ज्याच्याकडं कुणी बघत न्हाई त्याला आपलं काम करता येतं.

निकाल असा लागला की चेअरमनच्या बाजूला एक माणूस जास्त, बस. सोमवारी सगळ्या संचालकांनी मिळून चेअरमन निवडायचा होता, चिठ्ठीवर शिक्का मारून, गुपचूप. म्हणजे माझं एक मत इकडचं तिकडं झालं की त्याची खुर्ची गेली. माझ्या मनात पक्कं होतं. पण आमच्याकडं एक रीत हाय. मतदानाच्या आदी आपापल्या संचालकांना सहलीला न्यायचं. नाव सहल, काम राखण. कुणी फोडू नये म्हणून गाडीत घालायचं, लांब नेऊन खाऊपिऊ घालायचं, फोन काढून घ्यायचे, आन् मतदानाच्या टायमाला थेट दारात आणून उतरवायचं. शेवटी देवळात नेऊन भंडारा उचलायला लावायचा. भंडारा उचलून शब्द दिला की तो मोडायचा न्हाई. लोक पैसे खाऊन फिरतील, आईबापाला फिरतील, पण उचललेल्या भंडाऱ्याला फिरत न्हाईत. मीही फिरले नसते. खंडोबा आमचं कुळदैवत हाय.

म्हणून शनिवारी सकाळी गाडीत बसले ती हीच काळजी घेऊन. रविवारी देवळात जायचं ठरलेलं. तिथं माझ्या हातात भंडारा दिला की संपलं, मला त्यालाच मत द्यावं लागणार. न्हाई म्हणलं तर सगळं उघडं पडणार. सगळ्या वाटंनं मी एकच इचार करत होते, की उद्या काय निमित्त काढायचं. आजारी पडावं का? शिवायचं न्हाई म्हणावं का? तेवढ्यात मला खरंच उलटी झाली. जीपमधी मागं दाटीवाटीनं बसलेले, त्यात तंबाखूचा वास. मग मला चेअरमनच्या मोठ्या गाडीत म्होरं बसवलं आन् मालक मागं जीपमधी बाकीच्यांसंगं राहिले. त्या एका उलटीनं म्होरचं सगळं घडवलं.

औरंगाबाद, आता नाव बदललंय पण आमच्या तोंडात तेच हाय, लई जुनं शहर. भवती तट, तटाला दरवाजे. चार वाजायच्या सुमाराला एका दगडी दरवाज्यापाशी गाड्या लावल्या. चेअरमन म्हणला, "घ्या फिरून, खरेदी करा, दिवे लागायच्या आदी इथंच या." पुरुष खानावळीकडं गेले. मी बांगड्या बघते म्हणून आत गल्लीत शिरले. खरं तर मला कुणाचं तोंड बघायचं न्हवतं.

गल्लीतनं गल्ली निघत गेली. एका वळणावर बघते तर एक बाई नळाला पाईप लावून दारातली फरशी धुत होती. पाणी गटारात चाललेलं, धो धो. माझं डोकंच फिरलं. आमी हंड्याच्या मागं धावतो, माझी गाय एका बादलीवाचून गेली, आन् ही फरशीला आंघोळ घालतीय! मी गेले आन् सरळ नळ बंद केला.

ती पाईप हातात धरून बघतच राहिली. "ओ बाई, नळ कायकू बंद करे? तुमारे बाप का है क्या?"

म्हणलं, "तुमारे बाप का बी न्हाई! लोक तहानं मरतेत!" माझी हिंदी तेवढीच.

मग आमचं जुंपलं. ती तिच्या बोलीत, मी माझ्या. ती म्हणत होती की आठ दिवसांनी पाणी आलंय, घरात मयत झालती, धुणं भाग हाय.  मयत म्हणल्यावर माझा राग उतरला. तिची सासू गेलती. मग मीच खराटा घेतला आन् फरशी झाडली, कमी पाण्यात कशी धुवायची ते तिला दावलं. तिनं चहा केला. चहा पिता पिता दिवे लागले की!

मी धडपडत निघाले. आता कुठं जायचं? मला ठाऊक एवढंच की गाडी दरवाज्यापाशी हाय. एका दुकानदाराला इचारलं, "दादा, दरवाजा कुठं हाय?"

"कोणता दरवाजा?"

"मोठा. दगडाचा."

तो हसला. म्हणला, "मावशी, ह्या शहराला बावन्न दरवाजे सांगतात. सगळे मोठे, सगळे दगडाचे."

आता गं बया! त्यानं आपल्या मतानं मला पैठण दरवाज्याला धाडलं. तो न्हवता. तिथनं कुणी रोशन दरवाज्याला धाडलं. तोही न्हवता. कमानी सगळ्या सारख्याच दिसाय लागल्या. ज्यानं बांधला तट त्यालाही शिव्या घातल्या, एवढी दारं कशाला ठेवायची होती मेल्याला, येणारे एवढे कोण होते? पाय भरून आलते, जीव घाबरा झालता, पण रडायचं न्हाई असं ठरवलेलं. शेवटी भडकल दरवाज्यापाशी आले तवा ती खानावळ दिसली. गाड्या न्हवत्या.

समोरच्या चहावाल्याला इचारलं. म्हणला, "गेल्या की कवाच. एकानं सगळ्यांची नावं घेतली, सगळे हाय म्हणले, निघाल्या."

मी तिथंच दगडावर बसले. सगळे हाय म्हणले! मग माझ्या ध्यानात आलं. नावं कुणाची घेतली असतील? संचालकांची. आन् आमच्या घरचा संचालक कोण? मालक! त्यांचं नाव घेतलं, ते जीपमधनं हाय म्हणले, माणसं पुरी भरली. मालकांना वाटलं मी म्होरच्या गाडीत हाय. म्होरच्या गाडीला वाटलं मी नवऱ्यापाशी गेले. ज्याचं मत न्हाई तो गाडीत, आन् जिचं मत हाय ती दरवाज्यात! चूक कुणाचीच न्हवती त्यांच्या लेखी, हिशोब बरोबर होता. मला अशी संतापाची उबळ आली की त्या चहावाल्यानं न मागता पाण्याचा गिलास म्होरं केला.

परत त्या फरशीवालीच्या घरी गेले. दुसरं कोण होतं माझं त्या गावात? तिनं काई इचारलं न्हाई, फोन हातात दिला. मालकांचा नंबर लावला, बंद. बंद असणारच, चेअरमनच्या माणसानं सगळ्यांचे फोन पिशवीत घालून ठेवलेले. मग ती म्हणली, "और किसी का याद है क्या?"

होता की. चेअरमनचा नंबर मला पाठ होता. एकेक आकडा. त्याचा फोन त्याच्याच खिशात होता, चालू होता, आन् मी लावला असता तर तो गाडी उलटी फिरवून आला असता. वैनी वैनी करत आला असता. आन् उद्या देवळात नेऊन माझ्या हातावर भंडारा ठेवला असता.

फोन हातात धरून मी बसले. आन् मला हसू आलं. सकाळपासनं जे निमित्त शोधत होते ते त्यांनीच दिलतं. म्हणलं, त्या दिवशी तू उचलला न्हाईस, आज मी लावत न्हाई. मी माहेरी भावाला फोन लावला, माजलगावकडं. तो म्हणला, "आक्का, सकाळच्या एस्टीनं इकडंच ये."

त्या माऊलीनं मला ठेवून घेतलं, सासूच्या बाजंवर झोपवलं. सकाळी भाकरी बांधून दिली आन् एस्टीत बसवून दिलं. मी रविवारभर भावाच्या घरी बसून होते. कालव्याला थोडं पाणी होतं, त्यात पाय सोडून बसले. लई दिवसांनी असं निवांत वाटलं.

तिकडं काय झालं ते मला मागनं कळलं, आन् ते ऐकून माझं अजून पोट भरत न्हाई. जेवणाच्या टायमाला ध्यानात आलं की मी न्हाई. मग दोन्ही गाड्या परत शहरात. सगळे दरवाजे पालथे घातले. चेअरमन स्वतः उतरून लोकांना इचारत होता, हिरवं लुगडं घातलेली बाई बघितली का. पोलिसात जाता येईना, कावून की बोभाटा झाला असता आन् विरोधकांना कळलं असतं की ह्यांचा संचालक हरवला. राखण करायला नेलेलं माणूसच हरवलं, हे सांगणार कुणाला? रविवारी देवळात त्यानं मालकांना धरलं. मालकांनी सांगितलं, ती माझ्या शब्दाबाहेर न्हाई, आन् माझ्या वाटणीचा भंडारा त्यांनी उचलला. मी म्हणते बरंच झालं. शब्द त्यांचा, मत माझं.

सोमवारी भावानं मोटरसायकलवर मला संस्थेच्या दारात आणून सोडलं. चेअरमन ओट्यावर उभा. दोन रात्री झोप न्हाई, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. मला बघितलं आन् चक्क हात जोडले. "वैनी, आलात! खंडोबा पावला!" मी त्याच्या जोडलेल्या हातांकडं बघून घेतलं, घाई केली न्हाई. मालक मागनं बारीक आवाजात म्हणले, "कुठं गेलतीस? नीट मार शिक्का बरं का." म्हणलं, "नीटच मारते."

आत गेले. शिक्का उचलला. दाबून मारला आन् चिठ्ठी घडी करून टाकली.

चिठ्ठ्या मोजल्या. चेअरमन एका मतानं पडला.

बाहेर गुलाल उधळायला सुरुवात झाली तसा चेअरमन उठला आन् त्यानं आपल्याच एका म्हाताऱ्या संचालकाची गचांडी धरली. "तू फुटलास बे! किती घेतलेस?" म्हातारा शपथा घेतोय. दुसऱ्यावर संशय, तिसऱ्यावर संशय. आन् माझ्याकडं कुणी वळूनही बघंना! मी तिथंच उभी होते, त्याच्या म्होरं. त्याच्या डोक्यातच येत न्हवतं. मी मनात म्हणलं, ज्याचं उट्टं काढलं त्यालाच कळलं न्हाई तर ते काढून काय उपयोग? गुपचूप शिक्का मारून माझं समाधान व्हायचं न्हवतं.

म्हणलं, "सोडा त्या म्हाताऱ्याला. मी न्हाई दिलं तुमाला मत."

 चेअरमननं माझ्याकडं बघितलं, मग मालकांकडं. मग म्हणला, "जाऊ द्या. बाईमाणूस हाय, दोन दिवस हरवलेली, घाबरलेली. चुकून दुसरीकडं पडला शिक्का."

चुकून! माझ्या अंगाचा भडका उडाला. मी एवढ्या मोठ्यानं बोलले की बाहेरचा ताशा थांबला. "चुकून न्हाई! डोळे उघडे ठेवून मारला! माझ्या गायीसाठी मारला!"

त्यानं भुवया वर केल्या आन् इचारलं, "कंची गाय?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. सोंग असतं तर मला कळलं असतं. सोंग न्हवतं. त्याला खरंच आठवत न्हवतं. मी ते दीड वर्ष उशाला घेऊन झोपलेले, आन् ह्याच्या ध्यानातसुदा न्हाई. खुर्ची गेली त्याचं मला जे सुख झालतं ते तिथल्या तिथं आटलं. त्याच्या लेखी त्याची खुर्ची एका येड्या बाईच्या चुकीनं गेली. म्हणजे माझी गाय फुकटच मेली की.

तिथंच मी ठरवलं. म्हणलं, खुर्ची जाऊ दे, ती गाय तुझ्या ध्यानात बसवतेच.

त्याला आता लई वर्षं झाली. नवा चेअरमन काई देव निघाला न्हाई, त्याच्याही छावणीत खुंटे मोकळेच असायचे, त्याच्याशीही माझं वाजलं. मालक अजून दात दुखला की म्हणतात, भंडारा बाधला. पण मी माझं काम सोडलं न्हाई. जुना चेअरमन जिथं भेटंल तिथं, गेवराईच्या बाजारात, कुणाच्या लग्नात, दवाखान्याच्या ओळीत, मी त्याच्या म्होरं जाऊन उभी राहते, रामराम घालते आन् सांगते. तांबडी होती. गाभण होती. एक बादली पाणी मागितलं होतं. एवढंच. शिवी देत न्हाई, आवाज चढवत न्हाई. लोक म्हणतात, सोड की आता, म्हातारा झाला त्यो. मी म्हणते, मीही झाले की.

पहिल्यांदा तो हसायचा. मग चिडाय लागला. मग मला बघून रस्ता बदलाय लागला. एकदा त्याच्या बायकोनं घरी येऊन माझे पाय धरले. मी तिला उठवलं, कुंकू लावलं, आन् म्हणलं, तुमचं माझं काई वैर न्हाई.

औंदा त्याच्या नातीचं लग्न झालं. गावजेवण होतं, आमालाही आवतन. मांडवाच्या तोंडाशी तो खुर्चीत बसलेला, हातात काठी, नजर कमी झालेली. मी गेले तशी कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. मी पदर सारखा केला, तोंड उघडणार, तेवढ्यात तोच खाली मान घालून म्हणला, "तांबडी होती. गाभण होती. बादलीभर पाणी मागितलं होतं, मी दिलं न्हाई."

भवतीची माणसं एकमेकांकडं बघाय लागली. मी आत जाऊन पंगतीला बसले, आन् त्याच्या घरचं पोटभर जेवले.